कोल्हापुरात राहून माउंटन बाइकची फ्रेम हाताने बांधता येईल का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा : तुम्ही गोकुळ शिरगावला दुधाच्या स्टेनलेस टाक्यांचे टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात, टंगस्टनच्या टोकाने होणारे) करता, उंची पाच फूट तीन इंच असल्यामुळे दुकानातली माउंटन बाइक तुम्हाला नीट बसत नाही, म्हणून स्वतःच्या मापाची फ्रेम स्वतःच बांधावी असे तुम्हाला वाटते, त्यासाठी बाजारातला साधा पाइप चालेल का आणि महागडे जिग (नळ्या अचूक कोनात धरून ठेवणारा साचा) लागेल का, हे तुम्ही विचारले आहे.

फ्रेम नक्की होईल. मात्र ‘वेल्डिंग येते, म्हणजे निम्मे काम झाले’ हे तुमचे वाक्य मला मान्य नाही. मी उद्यमनगरातल्या टूलरूममध्ये बरीच वर्षे काढली आणि आतापर्यंत सात फ्रेम बांधल्या. त्यांतली एक भंगारात गेली, पण ती सांध्याच्या दोषाने गेली नाही. ज्योत पेटवण्याआधी कानस आणि मोजपट्टी घेऊन जे काम होते, त्यातच फ्रेमचे भवितव्य ठरते. खास डोंगरासाठी बांधलेली पहिली सायकल म्हणून जिचा उल्लेख होतो, ती जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत बांधली आणि तीही क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्यांची. फाउंड्री आणि लेथवर वाढलेल्या आपल्या गावात अवजारांची अडचण येण्याचे कारण नाही.

आधी पाइपविषयी. साधे पोलाद आणि ४१३० क्रोमोली यांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. फरक असतो तो ताकदीत. क्रोमोलीची नळी बरीच पातळ ठेवली तरी ती कायमची वाकत नाही, म्हणून फ्रेम हलकी होते. त्यातही सायकलसाठी काढलेल्या बटेड नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, उदाहरणार्थ ०.९, ०.६ आणि पुन्हा ०.९ मिलिमीटर. त्यामुळे लांबी कमी करायची असेल तर कोणत्या टोकाने कापायचे हे नळी हातात घेण्यापूर्वीच ठरवावे लागते, नाहीतर जाड भाग करवतीखाली जातो आणि सांधा नेमका पातळ भागावर येतो. बाजारातला साधा पाइप सरावासाठी आणा, त्याचे पंधरा-वीस सांधे करा, कापून आतून पाहा आणि भंगारात टाका. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र सरावालाही घेऊ नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

नळ्या मागवण्याआधी फ्रेमचे पूर्ण आकाराचे रेखाचित्र प्लायवुडवर काढा. त्यासाठी सस्पेन्शन फोर्क, मागची अ‍ॅक्सल आणि चाके आधी विकत घ्यावी लागतात, कारण १३० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (दबण्याच्या अंतराच्या) फोर्कची उंची कंपनीगणिक थोडी बदलते आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या आट्यांचा पिचही सगळीकडे एकच नसतो. तुमच्या उंचीला वरची नळी मागे उतरती घ्यावी लागेल, म्हणजे उतरणीवर सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवता येतील. हेड ट्यूबचा, म्हणजे फोर्क जिच्यात फिरतो त्या पुढच्या आखूड नळीचा कोन ६५ ते ६६ अंशांच्या आसपास ठेवा, पण तुम्ही बसल्यावर फोर्क दबतो आणि तोच कोन एक-सव्वा अंशाने उभा होतो, हे रेखाचित्रातच धरा. चेनस्टेच्या, म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या जागेत कंजूषपणा करू नका. पन्हाळ्यापुढे मसाई पठारावर जुलैत गेला असाल तर जांभ्याची लाल माती टायरला कशी चिकटते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, २.४ इंची टायरच्या दोन्ही बाजूंना बोट सहज फिरेल एवढी मोकळी जागा नसेल, तर चाक चिखलात अडकेल आणि तुम्ही सायकल खांद्यावर घेऊन परत याल.

आता मुख्य काम. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला भिडवायची तर तिचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापावे लागते. लेथ किंवा मिलिंग मशीनवर, ज्या नळीला भिडायचे तिच्या बाहेरच्या व्यासाचा होल सॉ लावून हा काप घेता येतो. मी अजूनही कागदाचे टेम्पलेट गुंडाळून, कापून, शेवटचा हात अर्धगोल कानशीने फिरवतो. डाउन ट्यूबचे, म्हणजे खालच्या तिरक्या नळीचे एक टोक हेड ट्यूबला आणि दुसरे बॉटम ब्रॅकेटला (पायडलचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या कवचाला) भिडते, म्हणून दोन्ही काप एकाच प्रतलात यायला हवेत. त्यासाठी नळीवर दोन्ही टोकांपर्यंत एक सरळ रेघ ओढून घ्या आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका. सांधा जुळवून मागे बॅटरी धरायची. उजेडाची बारीक रेघ दिसली तर पुन्हा कानस. एका सांध्याला माझा कधी कधी अर्धा दिवस जातो. तुम्ही म्हणाल की अर्धा मिलिमीटर फट कांडीने भरता येते. टाकीवर येत असेल, पण इथे ०.९ मिलिमीटरच्या नळीत फट भरायला जास्त उष्णता द्यावी लागते आणि तो सांधा थंड होताना नळीला आपल्याकडे ओढून घेतो.

मी स्वतः पितळेच्या कांडीने ब्रेझिंग करतो, म्हणजे नळ्या न वितळवता फक्त कांडी वितळवून सांधतो. त्यानंतर सांध्यावर काचेसारखा फ्लक्स राहतो, तो गरम पाण्यानेच निघतो आणि घरचा बंब माझ्यासाठी किती वेळा पेटला यावरून सौभाग्यवतींनी बरेच ऐकवले आहे. तुमचा हात टिगवर बसलेला आहे, म्हणून तुम्ही टिगच करा, फक्त स्टेनलेसची सवय विसरा. ३०८ ची कांडी इथे चालत नाही, सांधा ठिसूळ होतो. ईआर ७० एस-२ वापरा. नळ्या जिथे भिडतात तिथे आतल्या बाजूला आधीच छिद्रे पाडा, कारण बंद नळीतली हवा तापली की शेवटचा टाका घालताना तीच बाहेर उसळून वितळलेला धातू उडवते. त्याच छिद्रांतून आतला आर्गॉनही फिरतो. टॅक (नळ्या जागेवर धरणारे छोटे टाके) समोरासमोर चार ठिकाणी घाला आणि नंतर एका बाजूला थोडे, लगेच विरुद्ध बाजूला थोडे असे पुढे जा. सांधा पाण्याने किंवा पंख्याने थंड करू नका, क्रोमोली कडक होते.

महागडे जिग पहिल्या फ्रेमला नको. ओळखीच्या कारखान्यातली बिडाची सरफेस प्लेट, चार व्ही-ब्लॉक (गोल नळी धरणारे खाचेचे ठोकळे) आणि लेथवर काढलेले शंकू एवढ्यावर भागते.

भंगारात गेलेल्या फ्रेमची गोष्ट इथेच सांगतो. बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, पायडल मारताना बेअरिंगचा कप सुटू नये म्हणून. मी ते कवच फिरवून उलटे बसवले, चार नळ्या जोडल्या, साफ केल्या आणि कप लावायला गेलो तर तो आत जाईना. आधी वाटले उष्णतेने आटे बिघडले असतील, म्हणून आटे पाडणारा टॅप मागवला. टॅपही फिरेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता मी कवचावर पांढऱ्या मार्करने ‘चेनची बाजू’ असे लिहितो आणि टॅक घालण्याआधी दोन्ही कप हाताने फिरवून बघतो.

वेल्डिंगनंतर हेड ट्यूब थोडी अंडाकृती होते, सीटची उभी नळी, म्हणजे सीट ट्यूबही आक्रसते. दोन्ही रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या अवजाराने) मूळ मापाला आणा. मग एका ड्रॉपआउटला (मागचे चाक बसते त्या जागेला) दोरा बांधून तो हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचे अंतर मोजा. एक मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर मागचे स्टे गार अवस्थेत थोडे थोडे वाकवून सरळ करता येतात.

रंगाची घाई करू नका. थंडीचे दोन महिने फ्रेमला फक्त पारदर्शक लॅकर मारा आणि दर फेरीनंतर हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला बोट फिरवून बारकाईने पाहा, कारण भेग पडायची झाली तर बहुधा तिथेच पडते. तोवर वाघबिळापर्यंतचा डांबरी रस्ता आणि पठारावरच्या सपाट वाटा पुरेत. पावसाळ्याआधी पावडर कोटिंगला देताना बॉटम ब्रॅकेटचे आटे आणि हेड ट्यूबच्या आतल्या कडा तुम्ही स्वतः टेपने झाका, कोटिंगवाल्यावर सोडू नका.