पित्ताशयातील खडे पाहताना: नव्या निवासी डॉक्टरांसाठी
सोनोग्राफीला नव्याने बसणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, रुग्ण 6 ते 8 तास उपाशी आहे का हे आधी विचारावे, कारण दुधाचा चहा पिऊन आलेल्याचे पित्ताशय आकुंचन पावते आणि लहान खडे त्यात दडतात. पांढरा ठिपका, त्यामागे काळी सावली आणि कूस बदलताच होणारी हालचाल, ही तिन्ही दिसली की शंका उरत नाही. मात्र पित्ताशयाच्या मानेत, म्हणजे त्याच्या निमुळत्या तोंडाशी, अडकलेला खडा हलत नाही आणि नेमका तोच निसटतो, म्हणून रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून ती मान पूर्ण दिसेपर्यंत प्रोब (अंगावर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) उचलू नये. मी एकदा घाईत उचलला होता. दुसऱ्या दिवशी तोच रुग्ण तापाने फणफणत परत आला.

पित्ताशयाची भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड दिसताच दाह असे लिहून मोकळे होऊ नये; पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांतही ती सुजलेली आढळते. प्रोबने थेट पित्ताशयावर दाबल्यावर रुग्ण कळवळतो का ते पाहावे, आणि वेदनाशामक इंजेक्शन आधीच दिलेले असल्यास तसे अहवालात नमूद करावे. पित्तनलिका रुंदावलेली असूनही खडा दिसत नसेल, तर आतड्यातील वायूने तिचे खालचे टोक झाकलेले असू शकते; तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय तपासणी) सुचवावी. सीटी स्कॅनच्या भरवशावर राहू नये, कारण कोलेस्टेरॉलचे कित्येक खडे पित्ताच्याच घनतेचे असल्याने त्यात दिसतच नाहीत.