चार वर्षं काय केलंस, असं विचारलं तर?

"मावशी, मी 26 वर्षांची. गाव परभणी जिल्ह्यात. 2021 ला बी.कॉम. झाले आणि पुण्यात आले. तेव्हापासून नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीच्या संयुक्त गट-ब चा अभ्यास करतेय. एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक व्हायचं होतं. पूर्व दोनदा निघाली, मुख्यला एकदा थोडक्यात राहिले. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. महिन्याचे पैसे मागताना आता जीभ रेटत नाही. घरी न सांगता भोसरीच्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलंय. बुधवारी मुलाखत आहे. पगार 22 हजार सांगतात. मी आजवर एकही मुलाखत दिलेली नाही. चार वर्षं काय केलं असं विचारलं तर काय सांगू? रूममेट म्हणते, गावाकडे क्लासमध्ये शिकवत होते असं बायोडेटात टाक. शिवाय नोकरी धरली म्हणजे मी हरले असंच ना? गावात गेलं की लोक विचारतात, 'काय मॅडम, कधी लागताय?' कॉलेजात अकाउंट्सला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे असायचे, पण त्याला आता काय किंमत. — तुमची एक वाचक, पुणे"

अगं, बुधवार तोंडावर आलाय. आधी त्याचं बघू, गावाचं आणि एमपीएससीचं मग.

रूममेटचं मुळीच ऐकू नकोस. क्लासमध्ये शिकवत होते, हे बायोडेटात लिहायला एक ओळ लागते आणि निभवायला अर्धा तास. क्लासचं नाव काय, कितवीला शिकवायचीस, पगार रोख की खात्यावर, अनुभवाचा दाखला आणलास का? अकाउंट्सच्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा कागद मागायची खोडच असते. तू ज्या जागेसाठी चाललीस तिथे कंपनीची बिलं आणि पैसे तुझ्या हातून जाणार. त्या माणसाला तुझ्या पहिल्याच पानावर खोटी नोंद सापडली, तर पुढची मुलाखत नुसती चहा संपेपर्यंत चालते.

खरं आहे ते सांग, पण थोडक्यात. "2021 ला बी.कॉम. झाले. त्यानंतर संयुक्त गट-ब ची पूर्णवेळ तयारी केली. पूर्व दोनदा पास झाले, मुख्यला एकदा थोडक्यात राहिलं. आता मला अकाउंट्समध्ये काम सुरू करायचंय." बस. आयोगाने तारखा पुढे ढकलल्या, आन्सर कीमधले प्रश्न रद्द झाले, कटऑफ वाढला, यातलं एक अक्षर तिथे काढू नकोस. तुझ्या तक्रारी खऱ्या असतील, पण समोरच्याला त्यातून एवढंच कळतं की ही मुलगी अजून तिकडेच अडकलीय. बायोडेटातही तेवढीच एक ओळ लिही आणि रूममेटला समोर बसवून ही चार वाक्यं मोठ्याने म्हण. मनात म्हटलेलं उत्तर नेहमी छान वाटतं. तोंडातून बाहेर पडताना "म्हणजे", "ॲक्चुअली" आणि "तसं पाहिलं तर" किती वेळा येतं, ते कळू दे.

मुलाखतीची भीती वाटणं साहजिक आहे. एसटीआय आणि एएसओला (सहायक कक्ष अधिकाऱ्याला) मुलाखतच नसते, ती फक्त पीएसआयला. त्यामुळे चार वर्षं तू चार पर्यायांतून एक गोल काळा करत आलीस. तिथे उत्तर चुकलं तर पाव गुण जातो, म्हणून खात्री नसेल तर गप्प राहायची सवय लागते. मुलाखतीत ही सवय घात करते. तिथे "नक्की आठवत नाही, पण माझ्या मते असं असावं, कारण..." असं म्हटलेलं चालतं. बऱ्याचदा आवडतंसुद्धा, कारण डोकं कसं चालतं तेच त्यांना बघायचं असतं.

आता ते विचारतील काय? भोसरीच्या कारखान्यात साधारण दोन माणसं असतात. एक एचआरची, एक अकाउंट्स सांभाळणारे जुने गृहस्थ. एचआरवाली तुझं गाव, राहायची सोय, येण्याजाण्याचं विचारील. ते गृहस्थ मात्र टेबलावरचं एखादं बिल तुझ्यापुढे सरकवतील आणि म्हणतील, "याची एंट्री सांगा."

समज, चाकणच्या पुरवठादाराकडून घेतलेल्या स्टीलच्या बारचं बिल आहे. माल एक लाखाचा, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. तू म्हणशील, परचेस खातं डेबिट 1,00,000, इनपुट सीजीएसटी (केंद्राचा वाटा) डेबिट 9,000, इनपुट एसजीएसटी (राज्याचा वाटा) डेबिट 9,000 आणि पुरवठादार क्रेडिट 1,18,000. ते मान हलवतील आणि विचारतील, हाच माल राजकोटहून, म्हणजे परराज्यातून आला असता तर? मग सीजीएसटी-एसजीएसटी नाही, सरळ आयजीएसटी 18,000. इथवर कॉलेजचं आठवून निभेल. खरा प्रश्न पुढचा आहे. "पुरवठादाराने त्याचं रिटर्नच भरलं नाही, मग हे अठरा हजार आपल्याला मिळतात का?" तर नाही. त्याने आपलं बिल जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलं तरच ते आपल्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत उतरतं आणि 2बी मध्ये नसेल तर क्रेडिट, म्हणजे तेवढी आपल्या करातली वजावट घेता येत नाही. म्हणून अकाउंट्स असिस्टंट दर महिन्याला काय करते? वही आणि 2बी शेजारी शेजारी ठेवून जुळवत बसते आणि जे बिल दिसत नाही त्याच्या पुरवठादाराला फोन लावते. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. या दोन तारखांच्या आसपास त्या खात्यात सुट्टी मागायची नसते, हे तू आपणहून बोललीस तर गृहस्थ चष्म्यावरून तुझ्याकडे नीट बघतील.

तुला 101 वी घटनादुरुस्ती पाठ असेल, कलम 279-क मधली जीएसटी परिषदही. ती तिथे ऐकवू नकोस. पण चालू घडामोडींचा उपयोग करता येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः 5 आणि 18 उरले, हे तुला माहीत आहे. त्यामुळे बिलिंगमध्ये दर बदलावे लागले, जुन्या दराने आलेला माल आणि त्या दिवसानंतरची विक्री यांचा मेळ घालावा लागला, एवढं जोडता आलं की परीक्षेतली माहिती कामाची होते. आयकराचंही तसंच. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आला, तो 1 एप्रिल 2026 पासून लागू. टीडीएसची कलमं जुन्या नोट्समधून घोकत बसू नकोस.

टॅली येत नसेल तर खोटं "येतं" म्हणू नकोस, बुधवारपर्यंत थोडं तरी शीक. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात, सरावाला तेवढ्या पुष्कळ झाल्या. एक खोटी कंपनी उघड, खरेदीला एफ 9, विक्रीला एफ 8, पैसे दिले तर एफ 5, आले तर एफ 6. पन्नास नोंदी कर आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या नोंदी जुळवणं, एकदा स्वतःच्या हाताने कर. मग "टॅलीवर सराव केलाय, कंपनीत वापरलेलं नाही" हे वाक्य ताठ मानेने म्हणता येतं.

इंग्रजीची धास्ती पत्रात लिहिलेली नाहीस, पण असणार. तुझ्या विषयातले शब्द इंग्रजीच आहेत, ते तसेच वापर आणि बाकीचं "मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारून मराठीत सांग. भोसरीत तुला कुणी हसणार नाही. लग्नाचं विचारतील. विचारू नये, पण विचारतात. "सध्या काही ठरलेलं नाही, नोकरी मला करायचीच आहे" म्हणायचं आणि थांबायचं. पगाराचं मात्र तू विचार. 22 हजार हे हातात येणार की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च? सीटीसी असेल तर त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो आणि तुझाही कापला जातो, मग हातात बरेच कमी पडतात. व्यवसाय कर तुला लागायचा नाही, महाराष्ट्रात बायकांना महिना 25,000 पर्यंत तो माफ आहे. हेही माहीत असू दे, उद्या हीच पगारपत्रकं तुझ्याकडे येतील.

जाताना मेट्रोने नाशिक फाट्याला उतरलीस तरी एमआयडीसी तिथून पुढे आहे, रिक्षा किंवा बस लागेल. त्याचा वेळ धरून नीघ.

आता तो प्रश्न, जो ते नक्की विचारणार आणि ज्याचं उत्तर आज तुझ्याकडे नाही: "एमपीएससी लागली तर सोडून जाणार का?"

याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधायला गेलीस तर अडखळशील. त्याआधी एकदा विचार कर, तुला एसटीआयची पोस्ट हवी होती की एसटीआयचं काम? चार वर्षांत हे तुला कुणी विचारलं नसेल. क्लासवाले चौकाचौकांत निकालाचे फोटो लावतात, एसटीआय कामाला लागल्यावर दिवसभर काय करतो याचा फलक कुणी लावत नाही. तो करतो काय? व्यापाऱ्यांची रिटर्न्स तपासतो, नोंदणीसाठी दिलेला पत्ता खरा आहे का ते जाऊन बघतो, नोटिसांचे मसुदे करतो, फायली हलवतो. म्हणजे तू भोसरीत बसून जे रिटर्न भरशील, तेच तो माझगावच्या जीएसटी भवनात बसून तपासतो. टेबलाची बाजू तेवढी बदलते, काम पुष्कळसं तेच. तुला अकाउंट्समध्ये वर्गात सगळ्यात जास्त मार्क असायचे म्हणतेस, आणि ते पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहितेस! अगं, मी असते तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. तुझ्या सबंध पत्रात काम आवडल्याचा उल्लेख तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे पोस्ट, मार्क आणि गाव.

म्हणून माझं मत विचारशील तर नोकरी मिळाली की घे. एमपीएससी लगेच सोड असं मी म्हणत नाही. खुल्या प्रवर्गालासुद्धा 38 पर्यंत वय आहे, राखीवला 43. पण हीच मर्यादा मुलांना खाते. अजून वय आहे, अजून वय आहे करत पस्तिशी येते, कारण मधे कुणी "आता पुरे" म्हणत नाही. ते तुलाच म्हणावं लागेल, आणि आधीच ठरवून ठेवावं लागेल. पुढची एक जाहिरात नोकरी करत दे. पूर्व म्हणजे 100 प्रश्न, एक तास. तुझा पाया पक्का आहे, सकाळचे दोन तास आणि रविवार यात उजळणी होते. मुख्य निघाली तर रजा काढ. नाही निघाली तर नोकरीतच पुढचं बघ. बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर सीए इंटरला फाउंडेशन न देता थेट जाता येतं, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आहे. मात्र त्यांचा निदान वर्षभर एकही फॉर्म भरू नकोस. एका परीक्षेतून उठून दुसऱ्या परीक्षेत जाऊन बसायची तुम्हा मुलांना फार घाई असते.

हे पटलं तर त्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "एक प्रयत्न नोकरी सांभाळून करणार आहे, लागली तर नियमाप्रमाणे नोटीस देऊन जाईन. नाही लागली तर हेच क्षेत्र माझं आहे, आणि काम मी आजपासून हेच शिकणार आहे." काही ठिकाणी यावर नकार मिळेल. मिळू दे. "नाही हो, ते मी सोडलंच" असं म्हणून आत शिरलीस आणि चार महिन्यांनी हॉल तिकीट आलं, तर त्याच गृहस्थांसमोर रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचंय तुला.

गावाचं म्हणशील तर "कधी लागताय" विचारणाऱ्यांना "लागले, भोसरीत" असं सांग आणि विषय बदल. ते पुढे कुठली कंपनी, पगार किती, एवढंच विचारतील. तुला वाटतं तेवढा वेळ कुणी तुझा विचार करत नाही.

बाबांना मात्र बुधवारच्या आधी सांग. घरी न कळवता अर्ज केलास, कारण त्यांना वाईट वाटेल असं तुला वाटतं. ज्या माणसाने इतकी वर्षं ड्युटी संपल्यावर डेपोत जाऊन तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घालून दिला, त्याला अकाउंट्सचं काम कमीपणाचं वाटेल? मला नाही वाटत. उलट, रोकड कमी भरली तर काय होतं, हे ते तुला त्या एचआरवालीपेक्षा चांगलं सांगतील. फोनवर "नोकरी बघतेय" एवढंच म्हणून थांबू नकोस. कंपनी कुठली, काम काय, पगार किती, परीक्षेचं पुढे काय ठरवलंयस, सगळं सांग. रिटायर झाल्यावर घरखर्चाचा हिशेब त्यांनाही मांडायचाच आहे, त्यात तुझ्या मेसचे पैसे किती महिने धरायचे ते त्यांना कळू दे.

सोबत बी.कॉम.ची गुणपत्रकं मूळ प्रतींसह ने, झेरॉक्सचे दोन संच, आधार, पॅन आणि पूर्व परीक्षा पास झाल्याचे निकालाचे प्रिंट. ते कुणी मागणार नाही, पण मागितले तर तुझ्या चार वर्षांचा कागद तुझ्याकडे असेल. काय झालं ते कळव. आणि अभ्यासिकेचे पुढच्या तीन महिन्यांचे पैसे एकदम भरायचे म्हणत असशील, तर गुरुवारपर्यंत थांब.

— मावशी