रिपोर्ट नॉर्मल, तरी दम का लागतो?

"यांची छाती आवळल्यासारखी होते, जीव घाबरा होतो. इसीजी, टूडी एको, एक्स-रे, सगळं नॉर्मल आलं. मग हे मनाचंच का हो?" काकूंनी बसता बसताच विचारलं. कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) घरांतून हा प्रश्न मला वारंवार येतो. काकांच्या आजाराचं सातवं वर्ष. ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सगळे मनाचे खेळ म्हणतात. म्हणून हल्ली मी सांगतच नाही."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हृदय-फुप्फुसं आधी तपासून घेतली हे उत्तमच केलं, ते टाळायचं नसतंच. पण तिथे काही सापडलं नाही म्हणजे दम खोटा, असं नव्हे. कंपवातात हातपाय ताठरतात तसे बरगड्यांमधले स्नायूही ताठरतात, पाठीला बाक येतो, छाती पुरती फुलत नाही. कंपवाताच्या गोळीचा असर उतरला की हे वाढतं. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर तेव्हाही ९७ दाखवू शकतो. काहींचं नेमकं उलट होतं: गोळीचा जोर असताना शरीर आपोआप हलतं आणि श्वास तुटक होतो. म्हणून दम कधी लागतो, ते डॉक्टरांना कळायला हवं.

दोन आठवडे वेळा लिहायला सांगितल्या. काकूंनी कॅलेंडरचं पानच आणलं. मागच्या कोऱ्या बाजूवर गोळी निळ्या पेनाने, दम लाल पेनाने. गोळ्या सात, एक, सात वाजता. लाल खुणांची गर्दी दुपारी बाराच्या पुढे आणि संध्याकाळी पाच ते सात. शिवाय दुपारची गोळी वरण-भात, दह्याबरोबर! प्रथिनांमुळे लेव्होडोपा, म्हणजे गोळीतलं औषध, नीट शोषलं जात नाही. ते पान न्यूरॉलॉजिस्टनी पाहिलं आणि वेळा बदलून दिल्या, दुपारची गोळी जेवणाआधी अर्धा तास. (हे आपल्या मनाने करू नका, कृपा करून.)

लाल खुणा कमी झाल्या, संपल्या नाहीत. उरलेल्यांत भीतीचा वाटा होता, आणि भीतीही याच आजारातून येते. तेवढ्यासाठी आम्ही सराव केला: टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकायचं, ओठ चंबूसारखे करून श्वास सावकाश सोडायचा, काकूंचा हात पाठीवर.

चहा पिताना काकांना ठसका लागायचा. त्यासाठी गिळण्याच्या थेरपिस्टकडे पाठवलं. घास-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि या आजारात तो जिवावर बेततो. अचानक जोराचा दम, छातीत दुखणं, ताप, निळसर ओठ यांपैकी काहीही दिसलं तर ते पान बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं, हे काकूंकडून दोनदा वदवून घेतलं.

मागच्या महिन्यात काकू एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "आता दम लागला की मला हाक मारतात."