रिमोट नाही, दोरी नाही, मग विमान उडवायचं कसं?

प्रश्न: मुलगा आठवीत आहे, एनसीसीच्या एअर विंगमधल्या एका दादाकडून त्याने फ्री फ्लाइट मॉडेलबद्दल ऐकलं आणि आता तेच हवंय. दुकानात सगळे रिमोटवालंच दाखवतात. यात प्रकार कुठले असतात, सुरुवात कशाने करावी आणि हातातून सुटलेलं विमान हरवत नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: फ्री फ्लाइट म्हणजे एकदा सोडलं की रिमोट किंवा दोरीने न हाताळता आपलं आपणच उडणारं विमान. प्रकार बरेच आहेत पण मला विचाराल तर एकच गोष्ट बघायची, विमान वर जातं कशाच्या जोरावर. कारण एकदा वर गेलं की पुढे सगळ्यांचं काम सारखंच, कमीत कमी वेगाने खाली यायचं आणि थर्मल म्हणजे गरम हवेचा वर जाणारा झोत सापडला तर त्यात गोल गोल फिरत राहायचं.

ग्लायडरला मोटर नसते, ५० मीटरची दोरी घेऊन पळत वर चढवायचं आणि सोडायचं, म्हणजे दोरी असते पण सोडेपर्यंतच. जागतिक स्पर्धांतला हा वर्ग एफ-१-ए. एफ-१-बी म्हणजे वेकफील्ड, कॅस्ट्रॉल ऑइलवाल्या लॉर्ड वेकफील्डने १९२८ मधे दिलेल्या कपावरून हे नाव पडलं, यात पीळ दिलेल्या रबरावर पंखा फिरतो आणि रबर जास्तीत जास्त ३० ग्रॅम. कल्पना मात्र त्याच्याही आधीची, पॅरिसमधे १८७१ साली आल्फोन्स पेनोने असंच रबरावरचं छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं होतं. एफ-१-सी मधे २.५ सीसीचं इंजिन, तेही काही सेकंदच चालतं, पण तेवढ्यात विमान रॉकेटसारखं सरळ वर. खर्चिक आणि अवघड, मुलांसाठी नकोच.

माझा खरा जीव एफ-१-डी वर, म्हणजे इनडोअर. अख्खं विमान रबर सोडून दीडेक ग्रॅमचं, पंखांवर जेमतेम दिसेल इतकी पातळ फिल्म, पंखा इतका सावकाश फिरतो की पाती दिसतात, आणि असं विमान मोठ्या हॉलमधे २५-३० मिनिटं तरंगतं. वारा अजिबात नको म्हणून रोमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत याच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप झाल्यात!

आता हरवण्याचं. हो, हरवतं, चांगलं थर्मल मिळालं की परत येतच नाही. म्हणून डीथर्मलायझर बसवतात, ठरलेल्या वेळी शेपटी साधारण ४५ अंश उचलली जाते आणि विमान आडवंच पण भराभर खाली येतं. पूर्वी यासाठी हळू जळणारी वात लावायचे, वात जळत रबरबँडपर्यंत गेली की शेपटी सुटायची, आता टायमर असतात. मैदानातल्या स्पर्धेत एका उड्डाणाचे साधारण ३ मिनिटंच धरतात त्यामुळे जास्त उडवून फायदाही नसतो. तरी पंखावर मोबाइल नंबर लिहाच.

सुरुवात बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या, हाताने फेकायच्या छोट्या ग्लायडरने करा, सकाळी वारा पडलेला असताना मोकळ्या मैदानात. नाक वर करून थांबत-थांबत पडलं तर नाकावर थोडी क्ले वाढवा, सरळ नाकावर आपटलं तर कमी करा, असं करता करताच विमान कळायला लागतं. ते जमलं की मग रबरवालं घ्या, पण ऑफिसातले रबरबँड जोडून काही होत नाही, मॉडेलसाठीचंच रबर आणा, त्याला थोडं सिलिकॉन तेल लावा, आधी चार-पाच पट ताणा आणि मगच पीळ द्या, चेहरा बाजूला ठेवून, कारण तुटलं की सणसणीत लागतं.