गॅन्सिक्लोव्हिर इंजेक्शन घरी कंपाउंडरकडून लावून घेतलं तर चालेल का?

मामांची किडनी बदललीय, आता डोळ्याच्या पडद्याला सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग, म्हणून विचारताय. घरी नको हो. मी इथे इंदूरलाच वॉर्डात नर्स आहे. हे औषध शिरेतून तासभर हळूहळू जातं. सुरुवातीला दर 12 तासांनी, 14 ते 21 दिवस. कातडीवर सांडलं तर जळजळतं, आम्ही हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावत नाही. खरी भीती रक्ताची: पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट घसरतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, वरचेवर. (या तपासणीला उपाशीपोटी यायला नको, पोहे खाऊन या.) डोस क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालतेय ते सांगणारी रक्तचाचणी, बघूनच. गर्भालाही घातक, घरात कुणी गरोदर असेल तर तिला औषधापासून लांब ठेवा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची असते. मध्येच ताप आला तर रात्रीच डॉक्टरांना फोन करा.