कॅराव्हॅनच्या छतावर सिलिकॉन लावू नका

कॅराव्हॅनच्या छतावरच्या व्हेंटभोवतीचं (हवा खेळती ठेवणाऱ्या झरोक्याभोवतीचं) सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, तडकलंय, ते पूर्ण खरवडायचं की वरून नवा थर दिला तरी चालेल, असं तुम्ही विचारलंय. खाली एक ओळही जोडली आहे: 'घरात सिलिकॉनची ट्यूब आहे, तीच वापरू का?' त्या ओळीपायी मी लिहायला बसलो. वापरू नका. ती ट्यूब बाथरूमसाठी ठेवा.

आमच्या गाडीचं छत ईपीडीएम रबराचं आहे. चौथ्या वर्षी मागच्या व्हेंटपाशी बारीक चिरा पडल्या. साडूभाऊ तेव्हा आमच्याकडे आले होते. "एवढ्याशा भेगेला वेगळं सीलंट कशाला आणायचं? सिलिकॉन ओढा, दहा मिनिटांचं काम," असं ते चार माणसांसमोर म्हणाले. वयाने मोठे, म्हणून मी गप्प बसलो. ते स्वतःच शिडी लावून वर चढले आणि चौकटीभोवती पांढरीशुभ्र रेघ ओढून आले. दिसायला अगदी सुबक.

दीड वर्ष सगळं ठीक होतं. मग पलंगावरच्या कपाटात एक तपकिरी डाग आला. हे कपाट व्हेंटपासून चांगलं चार फूट लांब, म्हणून मी तीन आठवडे शेजारच्या खिडकीच्याच मागे लागलो होतो. छतात पाणी शिरतं एकीकडे आणि आडव्या पट्ट्यांवरून, वायरींच्या भोकांतून वाट काढत टपकतं भलतीकडेच. शेवटी फळी टाकून गुडघ्यांवर वर गेलो आणि व्हेंटच्या कडेला तळहात दाबला, तर छत स्पंजासारखं खाली गेलं. सिलिकॉनची कड नखाने उचलली आणि सगळी पट्टी सालीसारखी एका ओढीत हातात आली. तिच्या खालच्या अंगाला रबराची पांढरी भुकटी चिकटलेली होती. ईपीडीएम उन्हाने असं भुकटीसारखं सुटत राहतं आणि सिलिकॉन त्या भुकटीला चिकटतं, छताला नाही. मधल्या फटीत पाणी साठून राहिलं होतं. चौकटीचे चार स्क्रू तर नुसत्या बोटांनी फिरले. खालचं प्लायवुड काळं पडून भुसभुशीत झालेलं. दोन फुटांचा चौकोन कापून टाकावा लागला.

त्याहून जास्त वेळ खाल्ला तो उरलेल्या सिलिकॉनने. त्याचा तेलकट पापुद्रा राहिला की त्यावर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही. पूर्ण दोन दिवस मी तो घासत होतो.

आता तुमचं. जुनं लॅप सीलंट (अशा छतांच्या सांध्यांवर आणि कडांवर देतात ते खास सीलंट) जिथे घट्ट धरून आहे तिथे ते उकरू नका, उगाच छताचा रबरी पडदा फाटेल. सुटलेलं, उचललेलं तेवढं प्लास्टिकच्या पट्टीने काढा, जागा धुऊन कोरडी करा आणि नवा थर जुन्याच्या कडेपलीकडे जाईल असा द्या. सपाट जागी स्वतःहून पसरणारं सीलंट घ्या. उभ्या कडांना मात्र न ओघळणारं, नाहीतर सगळं खाली वाहून येईल. वरची साय काही तासांत धरते, पण आतपर्यंत सुकायला महिना लागू शकतो. ईपीडीएमला पेट्रोल, थिनर असलं काही लावू नका, रबर फुगतं.

चौकटच हलत असेल तर वरून कितीही थापलं तरी उपयोग नाही. ती उचलून खालची ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) बदला. पाणी खरं तर ती टेप अडवते. वरचं सीलंट तिला आणि स्क्रूंना ऊन-पाण्यापासून झाकतं.

साडूभाऊ आजही म्हणतात की ओल आधीपासूनच होती, सिलिकॉनचा दोष नाही. पुढच्या व्हेंटला त्यांचा हात लागला नव्हता. दोन्ही व्हेंट एकाच दिवशी कारखान्यात बसवलेले, पुढच्यालाही तशाच चिरा होत्या आणि त्याला मी नंतर लॅप सीलंटच दिलं. ओल मोजायचं यंत्र लावलं तेव्हा तिथल्या लाकडात १२ टक्के ओल निघाली, मागच्या बाजूला ३० च्या वर. हे आकडे मी त्यांना दाखवलेत. तुमच्याही घरात कुणी 'सिलिकॉन मार' म्हणणारं असेल तर खुशाल दाखवा.

छत वर्षातून दोनदा तरी बघा, आणि फांदी घासली तर त्याच दिवशी.

हे सगळं रबराच्या छताचं झालं. तुमचं टीपीओ (प्लास्टिकसारखा पडदा), फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर सीलंटच्या नळकांड्यावर त्याचं नाव लिहिलंय का ते आधी वाचा. आणि छतावर एसी असेल तर त्याच्याभोवती सीलंट फिरवू नका. त्याच्याखाली गॅस्केट, म्हणजे दबून फट बंद करणारी मऊ गादी, असते. तिथून गळत असेल तर आतून सगळे बोल्ट एकसमान आवळा, आणि गॅस्केट दबून चपटं झालं असेल तर ते बदला.