बायको गेली, मुलं रडतच नाहीत... नॉर्मल आहे का हे?

हा प्रश्न सारखा येतो आणि विचारणारे बहुतेक वेळा वडीलच असतात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

गृहस्थ चाळिशीचे, मिसेस आजारपणात गेल्या त्याला सात-आठ महिने झालेले. म्हणाले, मॅडम मुलगा नऊ वर्षांचा आहे, आईचं नावच काढत नाही, सारखा मोबाईल, ह्याला काही वाटतंय की नाही? मी मुलीचं विचारलं तर म्हणे तिचं काही टेन्शन नाही हो, बारावं लागलंय पण काय समंजस झालीय, सकाळी उठून पोळ्या करते, भावाचा डबा भरते, सगळे नातेवाईक कौतुक करतात. मला खरी काळजी वाटली ती हिचीच.

अशा वेळी मला सारा लिंकन आठवते, अब्राहम लिंकनची मोठी बहीण. १८१६ च्या शेवटी हे लोक अमेरिकेतलं केंटकी राज्य सोडून इंडियाना राज्याच्या जंगलात लिटल पिजन क्रीकला गेले, झाडं तोडून नव्याने वसलेली वस्ती, लाकडाची झोपडी. १८१८ ला तिथे दुधातून विषबाधा व्हायला लागली, गाई रानातली एक विषारी वनस्पती खायच्या आणि ते विष दुधात उतरायचं, पण कारण तेव्हा तिथे कुणालाच कळलेलं नव्हतं. ५ ऑक्टोबरला आई गेली, नॅन्सी, वय ३४. शवपेटी नवऱ्यानेच बनवली, तिच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या एबने, म्हणजे अब्राहमने, तासल्या असं सांगतात. प्रार्थना करायला धर्मोपदेशक आला तो काही महिन्यांनी.

आणि ११ वर्षांच्या साराच्या गळ्यात चूल पडली. त्यांच्यातच राहणाऱ्या डेनिस हँक्स नावाच्या नातेवाईकाने म्हातारपणी सांगितलंय की ती आईच्या आठवणीने चुलीपाशी बसून रडायची, मग त्याने आणि एबने तिच्यासाठी रॅकून नावाच्या रानटी प्राण्याचं पिल्लू आणि कासव आणून दिलं, हरणाचं पाडसही धरायला गेले पण ते काही सापडलं नाही. म्हणजे बघा, एबने स्वतःच्या दुःखाबद्दल काही बोलल्याचं ह्यात नाही, तो बहिणीसाठी कासव शोधत फिरतोय! नऊ वर्षांच्या पोराचं दुःख असंही दिसतं, मोठ्यांसारखं बसून रडणं म्हणजेच दुःख असं नाही.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं आणि विचारलं की तुम्ही स्वतः घरात बायकोचं नाव शेवटचं कधी घेतलंत? गप्प बसले. फोटो पण कपाटात ठेवलेला, मुलांना त्रास नको म्हणून. आता बाबाच नाव घेत नाहीत तर पोरं कशाला घेतील, त्यांना वाटतं आपण बोललो तर बाबा कोसळतील.

ठरलं ते साधंच होतं. स्वयंपाकाला ताई लावायची, मुलीला हवं तर रविवारी पोळ्या करू दे पण ती ड्युटी नको. फोटो बाहेर. जेवताना आईचा विषय त्यांनी स्वतः काढायचा, डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे. वर्षश्राद्धाला आईच्या आवडीचं काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. झोप, खाणं, शाळा हे आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल किंवा मूल मरणाबद्दल बोलायला लागलं तर मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मुलगी पहिल्याच आठवड्यात ताईंशी भांडली, आईचा डबा असा नव्हता म्हणून, आणि मग खूप रडली. वडील घाबरून फोन करत होते, मी म्हटलं चांगलंय, रडू दे, तुम्ही फक्त जवळ बसा. मुलगा अजून फार बोलत नाही, पण बाईकवर मागे बसला की आईबद्दल काहीबाही विचारतो, समोरासमोर बघावं लागत नाही ना.

दुसऱ्या लग्नाचा विषय नातेवाईकांनी काढलाच, वर्षाच्या आत करा म्हणून. एबच्या वडिलांनी, थॉमस लिंकननेही डिसेंबर १८१९ मध्ये केंटकीला जाऊन लग्न केलं, तीन मुलांची आई असलेली विधवा सारा बुश जॉन्स्टन, आणि एबला तिचा फार लळा लागला. पण असं होईलच म्हणून घाई करू नये असं माझं मत. गृहस्थांनी सध्या नाही म्हणून कळवलंय. पुढे कधी करायचं ठरलं तर मुलांना ते आत्याकडून नाही, तुमच्याकडून कळू दे, एवढं मी सांगून ठेवलंय.